नसता उद्योग

१

आपल्या भाषेंत ‘उद्योग’ या शब्दाइतका मानाचा आणि त्याच वेळीं इतका संशयास्पद शब्द दुसरा क्वचितच सांपडेल. ‘उद्योगाचे घरीं ऋद्धिसिद्धि पाणी भरी’ ही म्हण शाळांच्या भिंतींवर रंगविलेली असते. आणि त्याच शाळेंतून घरीं परतलेल्या मुलीनें कांहीं नवें करून पाहण्याचा मनोदय बोलून दाखविला, कीं ‘हे नसते उद्योग तुला कोणी सांगितले?’ हा प्रश्न ठरलेला असतो. मुलग्यास ‘कांहीं तरी उद्योग कर’ म्हणून टोंचावयाचें, आणि मुलीस ‘नसते उद्योग करूं नकोस’ म्हणून बजावयाचें, ही आमच्या घराघरांतील रीत. एकाच शब्दाच्या या दोन उपयोगांत आजच्या विषयाचें बीज आहे.

पदवीचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींस ‘पुढें स्वतःचा धंदा काढण्याचा विचार आहे काय?’ असें विचारलें, तर होकार देणाऱ्यांत मुलगे अधिक आणि मुली कमी असें आढळतें. युरोपांत, अमेरिकेंत व आपल्याकडेही गेल्या कांहीं दशकांत या गोष्टीचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. सर्वच पाहण्यांत हें अंतर सारखें येत नाहीं. कोठें तें मोठें असतें, कोठें नाहींसेंही होतें. पण बहुतेक ठिकाणीं कल हाच दिसतो. अर्थशास्त्रज्ञ या अंतराचें माप घेतात, शासन तें कमी करण्याच्या योजना आंखतें. परंतु मापाच्या आणि योजनेच्या आधीं नीतिशास्त्राचा एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. तो असा : एखाद्या मनुष्यास एखादी गोष्ट नकोशी वाटत असेल, तर ती त्याला हवीशी वाटावी म्हणून खटपट करण्याचा अधिकार दुसऱ्यास आहे काय? आणि ती नकोशी वाटण्याचें कारणच जर इतरांनीं निर्माण केलेलें असेल, तर त्या नकारास त्या मनुष्याचा स्वतःचा नकार म्हणावें काय?

२

ही चर्चा हवेंत राहूं नये म्हणून ती एका गांवच्या भूमीवर उतरविणें बरें. नेवासें तालुक्यांतील घोडेगांव हें अहिल्यानगरहून छत्रपति संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील गांव. शनिशिंगणापुरास जाणारे यात्रेकरू येथूनच वळतात. पण गांवाची खरी ओळख दोन बाजारांची : एक जनावरांचा, दुसरा कांद्याचा. भोंवतालच्या गांवांतील मुली व मुलगे सोनई, नेवासें किंवा अहिल्यानगर येथील महाविद्यालयांत जातात, आणि त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं हे बाजार लहानपणापासून पाहिलेले असतात. धंदा म्हणजे काय, नफा म्हणजे काय, भाव पडला म्हणजे घरांत काय होतें, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. तेव्हां ‘मुलींस धंद्याची ओळख नसते’ हें सोपें उत्तर येथें लागू पडत नाहीं.

ओळख आहे, ती कोणत्या जागेवरून झाली आहे हें मात्र पाहिलें पाहिजे. आपल्याकडील जनावरांच्या बाजारांत सौदा करण्याची एक जुनी रीत आहे. विकणारा व घेणारा एकमेकांचे हात उपरण्याखालीं किंवा रुमालाखालीं धरतात आणि बोटें दाबून भाव बोलतात. भोंवतीं दहा माणसें उभीं असलीं तरी आंकडा दोघांतच राहतो. या जनावरास चारापाणी करणारी, त्याची धार काढणारी, त्याच्या दुखण्यांत रात्र जागविणारी स्त्री घरीं असते. त्याच्या गुणदोषांची माहिती तिच्याइतकी कोणासही नसते. पण परक्या पुरुषाच्या हातांत कापडाखालीं हात देणें हेंच जेथें बाजाराचें व्याकरण, तेथें स्त्रीस वर्ज्य करणारा नियम कोणास लिहावा लागत नाहीं. ती आपोआप वर्ज्य होते, आणि कोणी तिला वर्ज्य केलें असें कोणासही वाटत नाहीं.

कांद्याचेंही तसेंच. रोप लावणाऱ्या, खुरपणाऱ्या, काढलेल्या कांद्याची पात कापणाऱ्या, चाळींतील सडका कांदा निवडून काढणाऱ्या बहुतेक बायकाच. लिलावाच्या वेळीं गोण्यांपाशीं उभा असतो तो पुरुष. हमाली व तोलाई वजा जाऊन जी हिशेबपट्टी हातीं येते तिच्यावर नांव असतें तें पुरुषाचें. दूध काढणार ती, आणि डेअरीवरचें खातें बहुधा त्याचें. घरांत चालणारा धंदा मुलगी रोज पाहते; त्या धंद्याचे श्रम स्त्रीच्या वांट्यास येतात आणि निर्णय व पावती पुरुषाच्या, हेंही ती त्याच वेळीं पाहते. हा धडा कोणी मोठ्यानें शिकवीत नाहीं, म्हणूनच तो खोल रुजतो.

घोडेगांवच्या शेजारींच असलेल्या शिंगणापुराचें उदाहरण या संदर्भांत बोधक आहे. तेथील शनीच्या चौथऱ्यावर जाण्यास स्त्रियांस असलेली मनाई दीर्घकाल चालली. पुढें आंदोलन झालें, मुंबई उच्च न्यायालयानें १९५६ च्या कायद्याकडे बोट दाखविलें, आणि ८ एप्रिल २०१६ रोजीं चौथरा स्त्रियांस खुला झाला. ज्या मनाईला शब्द होते ती शब्दांनींच मोडतां आली. बाजारांतल्या रुमालाला मात्र शब्द नाहींत. त्याच्याविरुद्ध कोणत्या न्यायालयांत अर्ज करावयाचा? मुलींच्या महत्त्वाकांक्षेला पडणारा बांध हा बहुतांशीं या दुसऱ्या जातीचा आहे.

त्याचा परिणाम आंकड्यांतही उतरला आहे. २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेंत पीकशेती व सरकारी कारभार वगळून देशांतील जीं सुमारें ५ कोटी ८५ लाख आस्थापनें मोजलीं गेलीं, त्यांपैकीं स्त्रियांच्या मालकीचीं सुमारें ८० लाख, म्हणजे शेंकडा १४ हूनही किंचित् कमी निघालीं. आणि त्यांतही बहुसंख्य अशीं, कीं मालकिणीखेरीज दुसरा पगारी नोकर नाहीं. आठवडेबाजारांत माळवें घेऊन बसणारी, खानावळ चालविणारी, शिवणयंत्रावर चार घरांचे कपडे बेतणारी स्त्री भांडवल घालते, जोखीम घेते, गिऱ्हाईक राखते. तिला उद्योजक म्हणण्याचें मात्र कोणास सुचत नाहीं, आणि तिला स्वतःला तर मुळींच नाहीं. वर्गांत ‘धंदा काढणार काय?’ म्हणून विचारलें असतां गप्प राहणाऱ्या मुली, ‘घरखर्चास आईचा हातभार कसा लागतो?’ असें विचारलें कीं दुधाचा, पापडांचा, शिलाईचा हिशेब पैशापर्यंत सांगतात, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. ज्ञान त्यांच्यापाशीं असतें. त्या ज्ञानाला लावावयाचें प्रतिष्ठित नांव तेवढें त्यांच्यापाशीं नसतें.

३

या अंतराचें पहिलें समर्थन निसर्गाच्या नांवानें केलें जातें. पुरुष स्वभावतः धाडशी, स्त्री स्वभावतः जपून वागणारी; मग एकाला धंदा आवडावा व दुसरीला पगाराची नोकरी, यांत नवल तें काय, असें हा पक्ष म्हणतो. याचें खंडण नवें नाहीं. १८६९ सालीं मिलनें स्त्रियांच्या दास्यावरील आपल्या ग्रंथांत असें दाखविलें, कीं ज्याला आपण स्त्रीचा स्वभाव म्हणतों तो दीर्घ काळ एकाच सांच्यांत दाबून काढलेला असल्यामुळें, सांचा काढल्यावर तो कसा दिसेल हें कोणासही ठाऊक नाहीं. त्यानंतर तेराच वर्षांनीं, १८८२ मध्यें, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून हाच मुद्दा मिलच्या शांतपणानें नव्हे, तर घायाळ मनुष्याच्या संतापानें मांडला : जे दोष स्त्रीच्या माथीं मारले जातात ते पुरुषांत कोठें कमी आहेत, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

आज या सवालास संशोधनाची जोड मिळाली आहे. विशाल गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिका, भारत व तुर्कस्थान या तीन देशांतील तरुणतरुणींविषयींचा एक अभ्यास २००९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें, कीं उद्योजकाचे म्हणून जे गुण लोकांच्या मनांत असतात ते बहुतेक पुरुषी समजले जाणारे. आणि मौजेची गोष्ट अशी, कीं त्या पाहणींत तरुण व तरुणी यांच्या धंदा काढण्याच्या इच्छेंत अंतर आढळलें नाहीं. अंतर पडलें तें स्वतःस पुरुषी गुणांशीं जुळतें मानणारे व न मानणारे यांच्यांत. म्हणजे देह स्त्रीचा कीं पुरुषाचा यापेक्षां, उद्योजकाचें जें चित्र मनांत आहे त्यांत मला माझा चेहरा दिसतो कीं नाहीं, हें निर्णायक ठरलें. चित्र तर निसर्गानें काढलेलें नाहीं.

दुसरा एक अभ्यास फिओना विल्सन, जिल किकल व डेबोरा मार्लिनो यांचा, २००७ सालचा. ‘हें मला जमेल’ हा जो स्वतःविषयींचा भरंवसा, तो मुलींत मुलग्यांपेक्षां कमी आढळला. पण धंद्याच्या शिक्षणानें हा भरंवसा वाढविण्याचें कार्य पुरुषांपेक्षां स्त्रियांच्या बाबतींत अधिक झालें. जो गुण शिक्षणानें इतका वाढतो त्याचा अभाव जन्मजात होता असें म्हणणें कठीण आहे. निसर्गाचा पक्ष येथें लंगडा पडतो.

४

तथापि भरंवसा हीच एक वाण आहे असें मानून चालणें ही दुसरी चूक होईल. हल्लीं महाविद्यालयांत महिलादिनीं व्याख्यानें होतात, मुलींस ‘आत्मविश्वास बाळगा’ म्हणून सांगितलें जातें, आणि वक्ते शालश्रीफळ घेऊन निघून जातात. जणू मुलींच्या मनांतच कांहीं मोडलें आहे व तें दुरुस्त केलें कीं झालें! आम्हांस वाटतें, मुलींचें मन पुष्कळसें शाबूत असून तें परिस्थितीचा हिशेब बरोबर करीत असतें.

त्या हिशेबांतील पहिली रक्कम भांडवलाची. या जिल्ह्यास २०२४ पासून जिचें नांव आहे त्या अहिल्याबाई होळकरांचेंच उदाहरण घ्या. जामखेड तालुक्यांतील चौंडी गांवीं १७२५ सालीं त्यांचा जन्म झाला, आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनीं राज्य केलें. त्यांची धर्मशीलता सर्वांस ठाऊक आहे. महेश्वरास त्यांनीं विणकर आणून वसविले व तेथील लुगड्यांच्या धंद्यास आश्रय दिला, हेंही पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु या सर्वामागें एक गोष्ट होती तिचा उल्लेख क्वचित् होतो. १७३४ सालीं पेशव्यांनीं मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नांवें खासगीचा मुलूख लावून दिला होता. दौलतीहून वेगळें असें हें उत्पन्न घरांतील स्त्रीचें. पुढें तें अहिल्याबाईंकडे आलें, आणि देशभर त्यांनीं जे घाट, ज्या विहिरी, ज्या धर्मशाळा बांधल्या त्यांत या खासगीचा वांटा मोठा होता. ज्यांच्या कर्तृत्वाचे आम्ही पोवाडे गातों त्यांच्यापाशीं स्वतःची थैली होती, हें विसरून चालणार नाहीं.

आजच्या मुलीची खासगी कोठें आहे? कायद्याकडे पाहिलें तर ती आहे. महाराष्ट्रानें १९९४ सालींच मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ मध्यें तो सर्व देशास लागू झाला. आणि २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याविषयींच्या उरल्यासुरल्या शंका दूर केल्या. पण कायदा आणि व्यवहार यांच्यामध्यें ‘हक्कसोडपत्र’ नांवाचा एक कागद आहे. वडिलांच्या पश्चात् बहिणींस बोलावून घ्यावें, साडीचोळी करावी, आणि भावाच्या नांवें हक्क सोडल्याची सही घ्यावी, ही रीत आमच्या जिल्ह्यांतच नव्हे तर महाराष्ट्रभर आहे. सही करणारी बहीण भोळी असते असें नाहीं. तिला ठाऊक असतें, कीं हिस्सा मागितला तर माहेर तुटेल. आणि सासरीं जर कांहीं वांकडें झालें तर माहेराखेरीज दुसरा आसरा नाहीं. म्हणजे ती जमीन देऊन माहेर विकत घेते. संकटकाळच्या आधारासाठीं ती आपलें भांडवल मोजते. हा सौदा तिनें राजीखुषीनें केला असें कागदावर लिहिलेलें असतें. त्या ‘राजीखुषी’चें मोल काय, हाच आमच्या प्रश्नाचा गाभा आहे.

लग्नाचा खर्च ही त्याच हिशेबांतील दुसरी रक्कम. मुलीच्या लग्नासाठीं बाप जमीन गहाण टाकतो, सोसायटीचें व सावकाराचें कर्ज काढतो. मंडप, जेवणावळी, मानपान यांत कित्येक लाख एका दिवसांत जातात. ‘मुलीवर इतका खर्च केला’ असें तो म्हणतो व तें खरेंही असतें. परंतु त्यांतील एक रुपयाही मुलीच्या हातीं उरत नाहीं. तेवढीच रक्कम तिनें धंद्यासाठीं मागितली तर ती मागणी वेडगळ ठरते. मुलगा मागतो तेव्हां निदान विचार होतो.

या जिल्ह्यास सहकाराचा अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. प्रवरानगरास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्यानें शेतकऱ्यास कारखानदार केलें. पण ऊस-उत्पादक सभासद व्हावयाचें तर ऊस आपल्या नांवावर पाहिजे, आणि ऊस नांवावर असावयाचा तर सातबारावर नांव पाहिजे. ज्या थोर चळवळीनें कुणब्यास मालक केलें, तिच्याही दारांत कुणबीण बाहेरच उभी राहिली. तिला कोणी हांकललें नव्हतें. तिच्यापाशीं उतारा नव्हता. १९८६ च्या नोव्हेंबरांत चांदवडला शेतकरी संघटनेनें जें प्रचंड महिला अधिवेशन भरविलें, व त्यानंतर शरद जोशी यांनीं ‘लक्ष्मीमुक्ती’च्या नांवानें घरच्या लक्ष्मीच्या नांवें जमीन करून देण्याचा जो कार्यक्रम गांवोगांव नेला, त्यांत नेमकी ही गांठ ओळखलेली होती. लक्ष्मीच्या पावलांनीं घरांत येणारी स्त्री लक्ष्मीची मालकीण मात्र नसते, हें आमच्या समाजाचें जुनें कोडें आहे.

याच्या उलट बाजूही पाहावी. थैली मिळाली, किंवा मिळण्याची वाट दिसली, कीं नसलेली म्हणून सांगितली जाणारी महत्त्वाकांक्षा कोठून येते? मुंबईस गिरगांवांत १९५९ सालीं सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, त्याची आजची ‘लिज्जत’ झाली. १९७५ मध्यें प्रेमा पुरव यांनीं गिरणगांवांतील खानावळवाल्या बायकांस एकत्र आणून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापिलें व त्यांस बँकेच्या कर्जाची वाट करून दिली. त्या बायका उद्योजक होत्याच, बँकेच्या डोळ्यांस त्या दिसूं लागल्या इतकेंच. सातारा जिल्ह्यांतील म्हसवडला १९९७ सालीं ‘माणदेशी महिला बँक’ निघाली. तिच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनीं अनेकदां सांगितलें आहे, कीं बायका निरक्षर म्हणून पहिला अर्ज नाकारला गेला. तेव्हां त्या बायका लिहावयास शिकल्या, आणि पुन्हां गेल्यावर त्यांनीं अधिकाऱ्यांस आव्हान दिलें कीं वाटेल त्या रकमेचें व्याज विचारा, आम्ही तोंडीं सांगतों, तुमच्या माणसांनीं यंत्रावांचून सांगावें. आमच्याच जिल्ह्यांत अकोलें तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंड न पाहतां देशी बियाण्यांची पेढी उभी केली, व २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. ही नांवें मुलींस स्फूर्ति यावी म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. आम्ही तीं वेगळ्या हेतूनें सांगतों. इच्छा ही साधनांच्या आधीं येते कीं मागून, या वादांत तीं साक्षीदार आहेत.

५

हिशेबांतील सर्वांत मोठी रक्कम अपयशाची. धंद्यांत बुडण्याची शक्यता स्त्रीपुरुष दोघांसही आहे. पण बुडाल्यावर द्यावी लागणारी किंमत दोघांस सारखी नाहीं. मुलगा बुडाला तर ‘अनुभव आला’ असें म्हणतात. मुलगी बुडाली तर ‘सांगितलें होतें’ असें म्हणतात. त्याचें कर्ज हें घराचें कर्ज होतें. तिचें कर्ज हा तिच्या लग्नाचा अडथळा होतो. त्याला तिशीपर्यंत धडपडण्यास अवकाश असतो. तिला पदवीच्या निकालापासून पहिल्या स्थळापर्यंतचे कांहीं महिने मिळतात, आणि तेवढ्यांत जें उभें राहणार नाहीं तें लग्नानंतर कोणत्या गांवीं, कोणाच्या अनुज्ञेनें उभें करावयाचें हें तिला सांगतां येत नाहीं. नोकरीची बदली होते. पंचक्रोशींत जमविलेल्या गिऱ्हाइकाची बदली होत नाहीं. अशा स्थितींत शिक्षिकेची, परिचारिकेची, बँकेंतील किंवा स्पर्धापरीक्षेंतून मिळणारी सरकारी नोकरी तिनें पसंत केली, तर तिला भित्री म्हणणाऱ्यानें आधीं तिच्या जागेवर बसून हाच हिशेब करून पाहावा.

मुलग्यांच्या होकाराकडेही आंधळेपणानें पाहूं नये. ‘मी धंदा करणार’ असें म्हणणारे सारेच साहसी असतात असें नाहीं. नोकऱ्या नाहींत, जमिनीचे तुकडे झाले आहेत, आणि शेती करणाऱ्या मुलास मुलगी देण्यास कोणी तयार नाहीं, हें या भागांतील उघड दुःख आहे. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण लग्नाच्या बाजारांत केव्हांच उलटी झाली. तेव्हां पुष्कळ मुलग्यांचा ‘धंदा’ हा बेकारीस दिलेलें भारदस्त नांव असतो. मुलीनें मनांतली इच्छा दाबावी आणि मुलग्यानें नसलेली इच्छा मिरवावी, हीं एकाच व्यवस्थेचीं दोन फळें आहेत. हें ध्यानांत घेतलें म्हणजे मुलग्यांचा आंकडा हें आदर्श माप मानून मुलींस त्यापर्यंत खेंचण्यांत अर्थ नाहीं, हें पटेल.

६

येथें एक गंभीर आक्षेप विचारांत घेतला पाहिजे, कारण तो घेणारे लोक प्रतिगामी नसून अनेकदां विवेकी असतात. ते म्हणतात : मुलगी पदवीधर आहे, सज्ञान आहे; ती स्पष्ट सांगते कीं मला धंदा नको, पगार हवा. तिचा नकार खरा नव्हे, तो परिस्थितीनें तिच्या तोंडीं घातला, असें म्हणणारे तुम्ही कोण? एके काळीं ‘तिला शिकावयाचें नाहीं’ असें तिच्या वतीनें बाप बोलत असे. आज ‘तिला खरें म्हणजे धंदा करावयाचा आहे’ असें तिच्या वतीनें प्राध्यापक बोलणार. बोलणारा बदलला, ती अबोलच राहिली.

हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाहीं. त्याला आणखी जोर देणारी एक गोष्ट आम्ही स्वतःच जोडतों. मुलीनें नोकरी धरावी ही इच्छा पुष्कळदां तिच्या आईची असते. तीस वर्षें उन्हांत बसून माळवें विकलेली, किंवा कांद्याच्या चाळींत कंबर मोडलेली आई जेव्हां ‘माझ्या पोरीला पंख्याखालीं खुर्चीवर बसूं दे’ असें म्हणते, तेव्हां त्या वाक्यांत अज्ञान नसतें. धंद्याचें ज्ञान तिच्याइतकें आमच्या वाणिज्य शाखेंत कोणास आहे? ज्या स्वातंत्र्याचे गोडवे पुस्तकांत गायले जातात त्याची दुसरी बाजू तिनें अंगावर झेलली आहे. पगाराची नोकरी म्हणजे तिच्या दृष्टीनें महिन्याच्या ठराविक तारखेस मुलीच्या स्वतःच्या खात्यावर येणारा पैसा, म्हणजे पुन्हां ती खासगीच! हा निर्णय शहाणपणाचा असूं शकतो, आणि धंदा हें कांहीं मानवी जीवनाचें परम साध्य नव्हे.

तर मग आम्ही कोणत्या बाजूचे? आमचें म्हणणें असें, कीं होकार किती आणि नकार किती हें मोजण्याची नीतिशास्त्रास गरज नाहीं; नकार कसा झाला हें त्यानें पाहावें. ज्याला होकार देणें शक्य होतें त्याचाच नकार हा निर्णय असतो. बंद दारापुढून जो माघारा वळला त्यानें ‘आंत जावयाचें नव्हतेंच’ असें म्हटलें, तर तो खोटें बोलतो असें नाहीं. कित्येक वर्षांनीं त्याला तसें खरेंच वाटूं लागतें. पण त्याच्या त्या वाटण्याचा आधार घेऊन दार बंद ठेवणाऱ्यास निर्दोष ठरवितां येत नाहीं. मनुष्याच्या इच्छेचा आदर करणें याचा अर्थ ती इच्छा जेथून उगवली त्या जमिनीची चौकशी न करणें, असा होत नाहीं. उलट, खरा आदर असेल तर ती चौकशी करावीच लागते. आणि चौकशी करून झाल्यावर निर्णय मात्र तिचा तिलाच करूं द्यावा लागतो. या दोहोंपैकीं पहिली गोष्ट परंपरावादी टाळतात, दुसरी सुधारक विसरतात.

मुलीचा नकार मोकळा आहे कीं नाहीं हें ओळखण्याच्या कसोट्या अवघड नाहींत. तिच्या नांवावर, ती स्वतः खर्च करूं शकेल असें कांहीं आहे काय? ती एकदां बुडाली तर तिला घरांत तोंड वर करून राहतां येईल काय? तिच्यासारख्या घरांतून आलेली, धंदा करणारी एक तरी स्त्री तिनें मालकीण म्हणून जवळून पाहिली आहे काय? आणि मुक्कामाची शेवटची बस चुकली तर तिच्या चारित्र्याची चर्चा न होतां ती उशिरानें घरीं येऊं शकते काय? या चारी प्रश्नांस ‘होय’ हें उत्तर असून ती ‘मला नोकरीच हवी’ असें म्हणत असेल, तर तिच्या निवडीपुढें आम्ही मान लववूं. तोंपर्यंत तिचा नकार आम्ही ऐकून घेऊं, त्याचा उपहास करणार नाहीं, पण त्यास पुरावा म्हणून वापरूं देणार नाहीं.

७

यांतून कर्तव्यें निघतात तीं लहान व घरगुती आहेत. आगरकरांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलामुलींस एकच शिक्षण द्यावें व तें एकत्र द्यावें असा आग्रह धरला, तेव्हां तो नसता उद्योग समजला गेला. आज नेवासें तालुक्यांतल्या वर्गांतही मुली मुलग्यांच्या शेजारच्या बांकांवर बसतात व तोच पेपर लिहितात. २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाडींत त्यांस अर्धें तिकीट पडतें. शिक्षण समान झालें. शिक्षणानंतरचा रस्ता समान झाला नाहीं. तो करण्याचें काम व्याख्यानांनीं होणारें नव्हे.

महाविद्यालयांनीं उद्योजकतेच्या कार्यक्रमांस कारखानदारांबरोबर आठवडेबाजारांतली माळवेंवाली व बचतगटाची हिशेबनीस बाईही बोलवावी, आणि तिला सत्कारासाठीं नव्हे तर शिकविण्यासाठीं बोलवावी. मुलींनीं वर्षभर एखादा लहानसा धंदा चालवून पाहावा, व तो बुडाला तर गुण कापले जाऊं नयेत. कारण न लाजतां बुडण्याची संधि हीच त्यांस घरीं न मिळणारी शिकवणूक आहे. ज्या घरांत म्हशीचें सगळें काम आई करते त्या घरानें डेअरीचें खातें तिच्या नांवें करावें. लग्नांत मंडपावर जाणाऱ्या रकमेचा निदान एक भाग मुलीच्या खात्यावर आधीं ठेवावा, व तिचें काय करावयाचें हें तिला विचारूं नये. आणि हक्कसोडपत्राचा कागद पुढें आला, तर भावानें तो परत करावा आणि माहेर तसेंच ठेवावें. हीं कामें करण्यास शासनाचा हुकूम लागत नाहीं. आणि तीं न करण्यास कायद्याची सबब पुरत नाहीं.

इतकें होऊनही कदाचित् मुली नोकरीच पसंत करतील. पाहण्यांत अंतर तसेंच राहील, आणि योजना आंखणारे निराश होतील. आम्ही निराश होणार नाहीं. घोडेगांवच्या बाजारांत उद्यां एखादी पदवीधर मुलगी आपल्या कांद्याच्या गोण्यांपाशीं उभी राहिली, लिलाव पुकारला गेला, भाव तिला पटला नाहीं, आणि ‘माल द्यावयाचा नाहीं’ असें म्हणून तिनें गोण्या परत चाळींत नेल्या, तर तो नकार तिचा असेल. तसा नकार देण्याची सत्ता तिला मिळावी, एवढाच आमचा आग्रह आहे.